नाव जुळलं म्हणजे पूर्वज सापडला का?

‘पेशवे दप्तरात आमच्या पूर्वजांचं नाव आहे.’ हे वाक्य तुम्ही एखाद्या लग्नाच्या पंगतीत किंवा कुलसंमेलनात ऐकलं असेल. सांगणारे काका पुढे एक नाव सांगतात, साल सांगतात आणि तिथून थेट आजच्या पिढीपर्यंत रेघ ओढतात. दप्तरात ते नाव आहे, हे बहुतेक वेळा खरंच असतं. माझी शंका त्या वाक्यातल्या ‘आमच्या’ या शब्दाबद्दल आहे. तो माणूस आमचाच, हे कशावरून ठरलं?

मी संख्याशास्त्रात पीएचडी करतेय आणि माझा विषय आहे नोंद-जोडणी. म्हणजे काय, तर दोन वेगवेगळ्या कागदांवरच्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ठरवण्याचं गणित. दवाखान्यातले केसपेपर, जनगणना, मतदारयादी अशा सगळीकडे हा प्रश्न येतो. जुन्या वंशावळीतला प्रश्नही नेमका हाच. फक्त तिथे ओळखपत्र नसतं, जन्मतारीख क्वचितच असते आणि माणसाला विचारायची सोय तर नसतेच. म्हणून आज या गणिताच्या नजरेनं आपल्याकडच्या एका खास साहित्यप्रकाराकडे बघू या. तो म्हणजे कुलवृत्तांत.

कुलवृत्तांत तुमच्या घरात असेल तर तो कसा असतो हे माहीतच आहे. एका आडनावाची सापडतील तेवढी घराणी गोळा करायची, प्रत्येकाची वंशावळ मांडायची, मूळ गाव, नोकरी-धंदा, बायकोचं माहेर, जन्म-मृत्यूची सालं द्यायची. गोखले, बापट अशा कित्येक आडनावांचे असे जाडजूड ग्रंथ निघालेत. ते कुणी पगारी इतिहासकारांनी लिहिले नाहीत. निवृत्त मास्तर, वकील, कारकून अशा लोकांनी गावोगाव पत्रं धाडून, पदरमोड करून ही माहिती जमवली. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे, आणि पुढे जी टीका येईल ती हा आदर ठेवूनच.

एकाच दरबारात पाच बाळाजी

आधी नावांची गंमत बघा. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत ‘बाळाजी’ शोधायला बसा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांचे नातू नानासाहेब पेशवे, म्हणजे बाळाजी बाजीराव. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादेव भानू. गोविंदपंत बुंदेले म्हणजे गोविंद बल्लाळ खेर. बल्लाळ म्हणजे बाळाजीच, आणि त्यांच्या मुलाचं नाव पुन्हा बाळाजी गोविंद. गोविंदपंतांचे वडील सोडले तरी पाच बाळाजी झाले.

यात एक नियम दिसतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. बाळाजी, जनार्दन, बाळाजी. बाळाजी, बाजीराव, बाळाजी. बाळाजी, गोविंद, बाळाजी. आता ही पद्धत आणखी दोन पिढ्या चालू राहिली अशी कल्पना करा. समजा एका घरात गणेश, रामचंद्र, गणेश, रामचंद्र असा क्रम लागला. मग ‘रामचंद्र गणेश’ हे वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव एक पिढी सोडून पुन्हा येतं. साधारण पन्नास-साठ वर्षांनी त्याच गावात, त्याच आडनावाचा, त्याच बापाच्या नावाचा दुसरा माणूस उभा! आपल्याला वाटतं, वडिलांचं नाव मिळालं म्हणजे ओळख पटली. या घरात वडिलांच्या नावानं काहीच सुटत नाही.

राजघराण्यातही असंच होतं. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे, महाराजांचे पुत्र छत्रपती संभाजी महाराज आणि राजाराम महाराजांचे पुत्र, करवीरचे संभाजीराजे, असे तीन संभाजी. पण इतिहासाचा विद्यार्थी त्यांत गोंधळत नाही, कारण या प्रत्येकाबद्दल शेकडो कागद आहेत. आपल्या खापरपणजोबांबद्दल मात्र एखादी ओळ असते. नाव तेवढंच, पण आजूबाजूला काही नाही. म्हणून थोरामोठ्यांच्या इतिहासात चालून जाणारी पद्धत आपल्या घरच्या इतिहासात चालत नाही.

त्यात टोपणनावं आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून नाना, तात्या, बापू, अण्णा, भाऊ. ‘नानासाहेब पेशवे’ म्हटलं तर १७६१ मध्ये वारलेले बाळाजी बाजीरावही डोळ्यांपुढे येतात आणि १८५७ चे धोंडोपंतही. धोंडोपंत दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, म्हणजे कागदावरचा बाप एक आणि जन्मदाता दुसरा. शिवाय मोडीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. सालं शक, फसली, शुहूर अशी वेगवेगळ्या कालगणनांत येतात. इसवी सन काढायला शकात ७८, आपल्याकडच्या फसलीत साधारण ५९० आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली आणि शुहूर यांत गल्लत झाली की दहा वर्षांचा फरक पडतो. एका भावाची नोंद दुसऱ्या भावाच्या खात्यावर जायला तेवढा पुरतो.

जुळणीचं वजन

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकार-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही.

दोन नोंदींतलं नाव जुळलं, तर तो पुरावा किती वजनाचा? ते नाव किती दुर्मीळ आहे यावर ते अवलंबून. दर २५ पुरुषांत एक रामचंद्र असेल, तर ‘रामचंद्र’ जुळल्यानं २५ पट पुरावा मिळतो. हजारात एखाद्याचंच असेल असं नाव जुळलं, तर हजार पट. कल्पना अगदी साधी आहे. पण वंशावळ जुळवताना आपण ती सर्रास विसरतो आणि प्रत्येक जुळणीला सारखंच वजन देतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा १८०० च्या सुमाराला एका तालुक्यात ५,००० कर्ते पुरुष होते. दर २५ जणांत एक रामचंद्र, दर २५ जणांत एकाच्या वडिलांचं नाव गणेश आणि दर २० जणांत एक जोशी. तर ‘रामचंद्र गणेश जोशी’ हे नाव २५ गुणिले २५ गुणिले २०, म्हणजे १२,५०० माणसांत एकाचं असेल. काका म्हणतील, झालं की! तालुक्यात माणसंच ५,०००, मग दुसरा येणार कुठून?

पण हिशेब पुरा करा. ५,००० भागिले १२,५०० म्हणजे ०.४. तुमचा माणूस त्या तालुक्यात होता हे गृहीत धरलं, तरी त्याच्याशिवाय त्याच नावाचे आणखी सरासरी ०.४ पुरुष तिथे असणार. म्हणजे सापडलेली नोंद तुमच्याच माणसाची असण्याची शक्यता १ भागिले १.४, साधारण ७१ टक्के. वाईट नाही. पण वंशावळ एका दुव्यावर थांबत नाही. असे पाच दुवे एकापुढे एक जोडले, तर सगळे बरोबर असण्याची शक्यता ७१ टक्क्यांचा पाच वेळा गुणाकार, म्हणजे साधारण १९ टक्के. बरं, दुवे याहून बळकट धरू या, प्रत्येक ९० टक्के खात्रीचा. सात पिढ्या जोडल्या की अख्खी साखळी खरी असण्याची शक्यता ४८ टक्के उरते. म्हणजे नाणं उडवण्यासारखंच झालं.

छापलेल्या वंशावळीत हा गुणाकार कुठेच दिसत नाही. माझा पहिला आक्षेप हाच आहे. आजोबांपासून नातवापर्यंतची रेघ, जिला घरातल्या दहा माणसांची साक्ष आहे, आणि १७५० मधल्या कुणा एकापासून दुसऱ्यापर्यंतची रेघ, जी केवळ नावावरून ओढली आहे, या दोन्ही एकाच शाईत, एकाच जाडीच्या छापतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच पक्क्या वाटतात.

गोत्र आणि कुलदैवत कुणाला वेगळं करतात?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वरच्या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली होती, की नावं पत्ते पिसल्यासारखी कुठेही विखुरलेली असतात. प्रत्यक्षात तसं नसतं. आजोबांचं नाव नातवाला या पद्धतीमुळे नावं घराण्यात साठत जातात. एका गावात रामचंद्र गणेश जोशी सापडले, की त्याच वाड्यात, मागे-पुढे दोन पिढ्यांवर दुसरे असण्याची शक्यता वाढते. म्हणजे ७१ टक्के हा आकडासुद्धा उदारच म्हणायचा.

इथे कुलवृत्तांतकार म्हणतात, आम्ही नुसत्या नावावर विसंबत नाही, गोत्र बघतो, कुलस्वामिनी बघतो, मूळ गाव बघतो, वतन बघतो. ऐकायला भक्कम वाटतं. पण विचार करा, आपला गोंधळ कुणाकुणात होतोय? आजोबा आणि नातू यांत, चुलत भावांत, काका-पुतण्यांत. या सगळ्यांचं गोत्र एकच, कुलदैवत एकच, गाव एकच, वतनही बहुधा एकच! वारशानं येणारी कुठलीही गोष्ट एका कुळातल्या दोन माणसांना वेगळं करू शकत नाही. ती फक्त दुसऱ्या कुळातल्या माणसाला बाहेर ठेवते. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख अशी हुद्द्यांवरून पडलेली आडनावं शेकडो असंबंधित घरांची आहेत, त्यामुळे तेवढा उपयोगही थोडाथोडका नाही. पण ‘हा आमच्या कुळातला कुणीतरी असावा’ यापासून ‘हा आमचा खापरपणजोबा’ इथपर्यंतची उडी गोत्राच्या जोरावर मारता येत नाही.

मग वेगळं करतं काय? वारशानं न येणाऱ्या गोष्टी. नोंदीची तारीख. बायकोचं नाव आणि तिचं माहेर. भावांची नावं आणि त्यांचा क्रम. कागदावर सोबत सह्या करणारे साक्षीदार. याबाबतीत कुलवृत्तांतांचं एक काम फार मोलाचं आहे, ते म्हणजे सुनांची माहेरची आडनावं नोंदवणं. गणिताच्या दृष्टीनं वंशावळीतला सगळ्यात उपयोगी रकाना तोच. दोन ‘रामचंद्र गणेश’ एकाच घरात असतील, पण दोघांच्याही बायकोचं नाव आणि माहेर एकच असणं कठीण. दुर्दैवानं जसजसं मागे जावं तसतशा बायका कागदावरून नाहीशा होतात, आणि जिथे त्यांची खरी गरज असते तिथे तो रकाना रिकामा असतो.

याहून चांगला पुरावाही असतो. दोन नोंदी आपण जुळवणं वेगळं आणि एका नोंदीनं स्वतःच नातं सांगणं वेगळं. जमिनीचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, किंवा वारसांची नोंदवही, म्हणजे ६क, काढून बघा. अमुक खातेदार मयत, वारस पत्नी अमुक, मुलगे अमुक-अमुक असं तिथे लिहिलेलं असतं. इथे नातं आपण ओळखायचं नसतं, कागदच सांगतो. आणि जमिनीचा सर्व्हे नंबर एका वेळी एकाच तुकड्याचा असल्यामुळे तो माणसाच्या नावापेक्षा भरवशाचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही तसंच. यात्रेला आलेला माणूस आपल्या बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव एकाच वेळी सांगून जातो. एक नाव जुळणं आणि सहा नावांचा जुडगा त्याच नात्यांसकट जुळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरा कप्पा

नोंद-जोडणीचं आजचं गणित ज्या शोधनिबंधावर उभं आहे तो १९६९ मधला, इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांचा. त्यांनी नोंदींच्या जोड्या तीन कप्प्यांत टाकल्या. पहिला, ‘एकच माणूस’. दुसरा, ‘वेगळी माणसं’. तिसरा, ‘सांगता येत नाही, माणसानं बसून तपासा’. त्यांचं म्हणणं असं, की चुका दोन प्रकारच्या असतात. वेगळ्यांना एक म्हणणं आणि एकालाच वेगळं म्हणणं. या दोन्ही चुका किती चालतील ते आधी ठरवा. मग ती मर्यादा पाळून तिसरा कप्पा शक्य तितका लहान ठेवा. लहान ठेवा, रिकामा नव्हे. तो जबरदस्तीनं रिकामा केला, की चुका पहिल्या दोन कप्प्यांत शिरतात.

या निकषावर कुलवृत्तांत तपासले, तर चांगला कोणता आणि कच्चा कोणता हे पटकन कळतं. कच्च्या कुलवृत्तांतात सगळी घराणी एका मूळपुरुषाला जाऊन मिळतात. चांगल्यात घराणी गावांनुसार वेगळी मांडलेली असतात, आणि जी जुळत नाहीत ती न जुळलेली म्हणून तशीच ठेवलेली असतात. त्या सुट्या पानांकडे कुणी फारसं बघत नाही, कारण तिथे मूळपुरुष नाही, पराक्रम नाही. माझ्या मते संपादकाचा प्रामाणिकपणा त्याच पानांवर दिसतो. आडनाव तेच, गोत्र तेच, गाव शेजारचं, जोडून टाकायचा मोह किती झाला असेल! तरी जोडलं नाही.

मोबाइलवरची वंशवृक्षाची साधनं याबाबतीत मागे गेली आहेत. नाव आणि अंदाजे साल जुळलं की ती लगेच ‘हे तुमचे पूर्वज असू शकतात’ असं सुचवतात. आपण होकार दिला की ‘असू शकतात’ गळून पडतं आणि झाडाला फांदी फुटते. ती फांदी बघून दुसरा कुणीतरी स्वतःच्या झाडाला तीच जोडतो. मग दोन झाडांत एकच माहिती दिसली की तिसऱ्याला वाटतं, दोन ठिकाणी आहे म्हणजे खरीच असणार. पुरावा मात्र तोच एक, नकलेनं दुप्पट झालेला.

चुकीची किंमत कोण मोजतं?

कुलसंमेलनातल्या भाषणात पूर्वज चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण हाच प्रश्न आज महाराष्ट्रात हजारो घरांपुढे अगदी वेगळ्या रूपात उभा आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांसकट जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात मला इथे पडायचं नाही. मला दिसते ती नोंद-जोडणीची अडचण. जुन्या वहीत नोंद सापडणं ही निम्मीच गोष्ट. ती ज्याची आहे तो आपलाच पूर्वज, हे वंशावळीनं दाखवावं लागतं. आणि वहीत काय असतं? ‘रामा वल्द सखाराम’ किंवा ‘रामा बिन सखाराम’. वल्द आणि बिन म्हणजे ‘चा मुलगा’. आडनाव बऱ्याचदा नसतंच. एका गावात असे किती रामा असतील?

इथे फेलेगी-संटर यांच्या दोन चुकांना माणसांचे चेहरे येतात. वेगळ्याला एक म्हटलं, तर ज्याचा हक्क नाही त्याला दाखला मिळतो. एकाला वेगळं म्हटलं, तर ज्याचा हक्क आहे तो केवळ कागद अपुरा म्हणून परत जातो, आणि असे परत जाणारे बहुधा तेच, ज्यांच्या घरात जमिनीचे, शाळेचे कागदच कमी. कुठली चूक किती चालेल हे गणित सांगत नाही. ते समाजानं ठरवायचं असतं. पण ठरवलेलं उघड असावं, आणि तिसऱ्या कप्प्यातल्या माणसांना ‘नाही’ म्हणण्याआधी दुसरा कागद शोधायला वेळ आणि मदत मिळावी, एवढं तरी या विषयातली विद्यार्थिनी म्हणून म्हणता येईल.

घरची वंशावळ काढायला बसाल तेव्हा

सुरुवात आजपासून करा आणि मागे जा. दप्तरातल्या नामांकित माणसापासून सुरू करून खाली उतरू नका, कारण मग प्रत्येक पायरीवर आपण त्याच्याकडे जाणाराच रस्ता निवडतो. कागदच नातं सांगतो तिथे अखंड रेघ ओढा. नाव-गाव-काळ जुळतं, पण नातं कुठे लिहिलेलं नाही, तिथे तुटक रेघ. नुसतं नाव जुळतं तिथे रेघच नको, बाजूला टिपून ठेवा. प्रत्येक रेघेशेजारी कागद कुठला ते लिहा. आणि एकाच नावाच्या दोन नोंदींत पन्नास वर्षांचं अंतर असेल, तर आधी आजोबा-नातू ही शक्यता तपासा. दोघांना एक धरलं तर दोन पिढ्या गायब होतात. एकच दीर्घायुषी माणूस दोन धरला तर दोन पिढ्या उगाच वाढतात.

जाता जाता एक चांगली बातमी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं ठरलंय. निर्णय आईच्या मानासाठी घेतला गेला आणि तो त्यासाठी योग्यच आहे. पण नोंद-जोडणीच्या बाजूनंही बघा. एक पिढी सोडून येणारे दोन ‘रामचंद्र गणेश’ इतकी वर्षं कागदावर हुबेहूब सारखे दिसायचे. आता दोघांच्या नावात मधे आपापली आई उभी आहे.